चाळीसपर्यंत

पोहण्याच्या तलावावर बावीस वर्षं जीवरक्षकाची नोकरी केलेल्या त्या माणसाला सगळे शंकासुर म्हणायचे. पाठीमागे म्हणायचे आणि तोंडावरही म्हणायचे, कारण त्याला त्याचं काही वाटत नसे. उलट बरंच वाटे. ज्याला शंका येत नाही त्याने त्या उंच खुर्चीवर बसूच नये, असं त्याचं ठाम मत होतं. आणि खरं सांगा, त्यात चुकीचं काय आहे? तुमची-आमची पोरं नऊ फूट पाण्यात उड्या मारतात तेव्हा खुर्चीवर कोण बसलेलं हवं? 'काही होत नाही हो' म्हणणारा?

पण हे झालं तलावाचं. माणसाने घरी येताना ती खुर्ची तिकडेच ठेवून यावी की नाही? हा ती डोक्यावर घेऊन यायचा.

घरातून बाहेर पडताना गॅसचं बटण तो तीनदा बघायचा. एकदा डोळ्यांनी, एकदा हाताने आणि एकदा अर्ध्या जिन्यातून परत येऊन. कुलूप ओढून ओढून त्याने कडीच ढिली करून ठेवली होती. पलंग अशा बेताने सरकवलेला, की पंखा पडलाच तर पायांवर पडावा. "पायाचं हाड जुळतं, डोक्याचं काय करणार?" हे वर स्पष्टीकरण. लेक एकोणीस वर्षांची, कॉलेजात जाणारी. तिने पोचल्यावर एक फोन करायचा, निघाल्यावर एक, आणि वाटेत बस बदलली तर तिसरा. एकदा तिच्या फोनची बॅटरी संपली, तर हा बहाद्दर दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून कॉलेजच्या फाटकात हजर! ती मैत्रिणींबरोबर चहा पीत उभी होती. पोरीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आणि बायको? बायको म्हणजे थेट दुसरं टोक. राहत्या घराच्या पुढच्या खोलीत तिचं ब्यूटी पार्लर होतं. दोन खुर्च्या, एक मोठा आरसा आणि अधूनमधून ठिणग्या उडवणारा एक ड्रायर. "चालतोय ना अजून?" एवढंच तिचं त्यावर म्हणणं. एखादीचे केस जरा जास्तच कापले गेले तर ती म्हणायची, "वाढतील की हो! केसच आहेत, नाक थोडंच कापलंय?" आणि ती गिऱ्हाईक बाई चक्क हसत हसत बाहेर पडायची. दार नुसतं लोटून ही बाजारात जायची. छत्री कधी न्यायची नाही आणि कधी भिजायचीही नाही. याचाच त्याला जास्त राग यायचा.

"अहो, काय व्हायचंय?" ती विचारायची.

आणि तो सांगायला लागायचा. तिथेच सगळं बिनसायचं. तिला उत्तर नको असायचं.

आता तुम्ही हसाल. हसा, पण जपून हसा. वरून गंमत दिसत होती, आत मात्र त्या माणसाची कायम पाचावर धारण बसलेली असायची. बावीस वर्षांत त्याने पाण्यातून अकरा जणांना बाहेर काढलं होतं. अकराही खोकत, शिव्या देत, रडत, पण जिवंत घरी गेले होते. दुसरा कुणी छाती फुगवून सांगत हिंडला असता. याच्या डोक्यात एकच. अकरा वाचले, म्हणजे बारावा अजून यायचाय. तो बारावा कोण, बाई की पुरुष, थोर की लहान, काही माहीत नव्हतं. जागा मात्र माहीत होती. खोल बाजूचा डावा कोपरा, जिथे तळाला पाणी उपसायची लोखंडी जाळी होती. दुपारी सव्वाचारच्या सुमाराला पश्चिमेच्या उंच खिडक्यांमधून ऊन थेट त्या कोपऱ्यावर पडायचं आणि अर्धा तास नुसता लखलखाट. खुर्चीवरून तळ दिसायचाच नाही. खिडक्यांना पडदे लावा म्हणून त्याने किती वेळा अर्ज दिले असतील, ते मॅनेजरसाहेबांच्या टेबलाच्या खालच्या खणाला विचारा. ऊन पाण्यावर आलं की तो खुर्चीवरून उतरायचा आणि तो अर्धा तास खोल बाजूच्या काठाकाठाने येरझाऱ्या घालायचा.

बिल्ल्यांची पद्धतही त्याचीच. पाण्यात उतरण्याआधी प्रत्येकाने आपला नंबराचा बिल्ला काठावरच्या फळ्यावरल्या खिळ्याला अडकवायचा, बाहेर आल्यावर काढून दारावरच्या मावशींच्या डब्यात टाकायचा. दर दहा मिनिटांनी हा फळ्यावरचे बिल्ले मोजणार आणि पाण्यातली डोकी मोजणार. आकडे जुळले की एक श्वास सोडायचा. नाही जुळले तर तीन लांब शिट्ट्या, सगळे बाहेर, आणि हा पाण्यात.

पद्धत चोख होती. माणसं नव्हती. कुणी बिल्ला तसाच ठेवून संडासात जायचं, कुणी शॉवरखाली गाणी म्हणत बसायचं. सहा महिन्यांत सात वेळा तलाव रिकामा झाला आणि सातही वेळा पाण्यात कुणी नव्हतं. सातव्या वेळी तर निवृत्त हेडमास्तर बिल्ला फळ्यावर विसरून घरी जाऊन पेपर वाचत बसले होते, आणि इकडे हा त्यांना तळाशी शोधत होता. लोक कुडकुडत काठावर उभे. बायका चिडल्या, पोरं टाळ्या पिटायला लागली. दुसऱ्या दिवशी मॅनेजरसाहेबांनी हातात पत्र दिलं. पुन्हा विनाकारण तलाव रिकामा केल्यास आपली बदली भांडारात करण्यात येईल.

"चांगलंच आहे," मॅनेजरसाहेब म्हणाले. माणूस वाईट नव्हता, कंटाळलेला होता. "तिकडे क्लोरीनची पिंपं मोजत बसा. ती संडासात जात नाहीत."

सगळ्या तलावावर एकटी एक पोरगी याच्या बाजूची होती. दहा वर्षांची. शिडीने पाण्यात उतरणं तिला माहीतच नव्हतं, टुणकन उडी मारायची, म्हणून सगळे तिला बेडकी म्हणत. तिची आई दाताच्या दवाखान्यात कामाला होती. चारला सोडून जायची, पाचला घ्यायला यायची. ही बेडकी पाण्यात शिरण्याआधी रोज खुर्चीखाली येऊन मान वर करायची.

"काका, आज काय काय होऊ शकतं?"

तो गंभीरपणे सांगायचा. फरशीवरून घसरून हनुवटी फुटू शकते. कुणीतरी अंगावर उडी मारू शकतं. पायात गोळा येऊ शकतो. ती एकेक ऐकून खुदुखुदू हसायची.

"तुला भीती वाटत नाही?" त्याने एकदा विचारलं.

"तुम्ही घाबरता ना? मग मी कशाला घाबरू?" एवढं बोलून ती गेली उडी मारायला.

तर, पत्र घेऊन तो घरी आला. बायकोने एका गिऱ्हाइकाच्या भुवया अर्ध्यात सोडून ते वाचलं आणि भुवया पूर्ण करून ती स्वयंपाकघरात आली.

"हे बघा," ती म्हणाली, "बावीस वर्षं तुमच्या भीतीबरोबर संसार केला, आता जरा माझं ऐका. मनात शंकेची पाल चुकचुकली की लगेच उठायचं नाही. चाळीस आकडे मोजायचे. सावकाश. मोजताना मनात म्हणायचं, असेल काहीतरी साधं. चाळीस झाल्यावरही शंका उरली तर खुशाल उठा, मी अडवणार नाही."

"आणि चाळीस मोजेपर्यंत काही झालं तर?"

"बघा! हेच, हेच ते! अहो, त्या सात वेळांत एकदा तरी झालंय का? हे घरी करा आणि तलावावरही करा. नाहीतर बसा भांडारात पिंपांवर."

त्याने करून बघितलं. पहिल्या दिवशी गॅस. जिन्यात पाय अडखळले, पण तो मोजत मोजत खाली उतरला. अडतिसाव्या आकड्याला बस आली. तो चढला. संध्याकाळी परत आला तर घर जागेवर होतं. मग कुलूप. मग लेकीला यायला उशीर झाला, तेव्हा त्याने चाळीस आकडे सात वेळा मोजले, आणि आठव्या वेळी बाराला दार वाजलं. तलावावरही दोनदा डोकी कमी भरली. जीव नुसता टांगणीला लागला होता, पण पहिल्या वेळी अठ्ठावीसला एक गृहस्थ चड्डी वर ओढत संडासातून बाहेर आले आणि दुसऱ्या वेळी तो स्वतःच मोजायला चुकला होता.

काय सांगू तुम्हाला, माणूस बदलला! जेवायला लागला. गालावर मांस आलं. एकदा टीव्हीसमोर तो मोठ्याने हसला तर लेक दचकून आईकडे बघायला लागली. "बाबा हसताना किती वेगळे दिसतात," ती म्हणाली. बायको तर पार्लरमधल्या प्रत्येक बाईला चाळीस आकड्यांचं औषध सांगत सुटली. मॅनेजरसाहेबांनी पाठीवर थाप मारली. त्या तीन आठवड्यांत त्याला आयुष्यात पहिल्यांदा कळलं, की बाकीची माणसं रोज अशी जगतात. एवढी हलकी. त्याला त्यांचा हेवा वाटला आणि बावीस वर्षं वाया घालवल्याचा पश्चात्तापही झाला.

मग तो गुरुवार आला.

चारची वेळ, तलावावर गर्दी, दुसरा जीवरक्षक रजेवर. बेडकी नेहमीसारखी खुर्चीखाली आली. "काका, आज काय होऊ शकतं?"

"आज काही होत नाही. जा, मजा कर," तो म्हणाला.

तिचं तोंड जरा उतरलं. यादी हवी होती तिला. पण गेली.

साधारण वीस मिनिटांनी ऊन पाण्यावर आलं. आधी मोजून घेऊ, मग उतरून काठाने फिरू, असं म्हणून त्याने फळ्याकडे बघितलं. एकतीस बिल्ले. पाण्यात डोकी तीस. पुन्हा मोजली. तीसच.

हात आपोआप शिट्टीकडे गेला. आणि तिथे थांबला.

एक, दोन, तीन. असेल काहीतरी साधं. सात, आठ. संडासाच्या दाराकडे त्याने बघितलं. दार बंद होतं, म्हणजे आत कुणीतरी असणार. अकरा. हेडमास्तरही आज आले होते, तेच बिल्ला विसरले असतील. पण हेडमास्तर तर समोर उताणे तरंगत होते, पोट वर करून. सोळा, सतरा. शॉवरचा आवाज येत होता. येत होता ना? वीस. मॅनेजरसाहेब ऑफिसच्या काचेमागे फोनवर बोलत होते आणि त्यांचं तोंड याच्याच दिशेला होतं. पंचवीस. उठावंसं वाटत होतं, मांड्या कापत होत्या, पण मागच्या वेळीही त्या कापतच होत्या, आणि काय झालं होतं? काही नाही. तीस. संडासाचं दार उघडलं. आतून सफाईवाली बाई बादली घेऊन बाहेर आली. चौतीस. आत दुसरं कुणी नव्हतं. छत्तीस. त्याने एकदाही आकडा गाळला नाही. प्रामाणिक माणूस. अडतीस. एकोणचाळीस.

चाळीसला त्याने शिट्टी फुंकली.

"झालं याचं सुरू!" कुणीतरी ओरडलं. लोक रमतगमत शिडीकडे निघाले. मॅनेजरसाहेब फोन हातात तसाच धरून तावातावाने बाहेर आले. "अहो, पत्र दिलंय ना तुम्हाला!" याला काही ऐकू येत नव्हतं. तो काठाने धावत होता, उन्हाला हाताचा आडोसा करून पाण्यात बघत होता आणि त्याला नुसता लखलखाट दिसत होता. शेवटचा माणूस बाहेर पडला, पाण्याची हालचाल जरा थांबली, आणि डाव्या कोपऱ्यात तळाशी काहीतरी निळं दिसलं.

काळजात धस्स झालं असं आपण म्हणतो. त्याच्या काळजात काहीच झालं नाही. तिथे एकदम रिकामं झालं. तो पाण्यात होता.

निळ्या पोशाखातली बेडकी जाळीशी होती. तिचा पोहण्याचा चष्मा जाळीत पडला होता, तो काढायला तिने भोकात बोट घातलं होतं आणि बोट अडकलं होतं. डोळे उघडे होते. त्याने तिला ओढलं, ती सुटेना. पुन्हा ओढलं. मग, फुप्फुसं फुटायची वेळ आली असताना, त्याने तिचा हात उलटा जाळीकडे दाबला, मनगट फिरवलं आणि बोट सालपटं काढून सुटलं.

काठावर घेतलं तेव्हा ती निळसर पडली होती. एवढीशी पोर, पण ओल्या गोणीसारखी जड. श्वास नाही. त्याने तोंडाने श्वास दिले, छाती दाबायला लागला. तीस वेळा दाबायचं, दोन श्वास. तीस वेळा दाबायचं, दोन श्वास. पुन्हा आकडे! मोजता मोजता त्याच्या तोंडातून आवाज निघत होता, आणि तो रडण्याचा होता हे त्याला नंतर मावशींनी सांगितलं. मॅनेजरसाहेब भिंतीला टेकून खाली बसले होते. तिसरी फेरी. चौथी फेरी. ऊठ गं बाई, ऊठ. पाचव्या फेरीत तिच्या पोटातून गचका आला, पाणी आलं, आणि मग ती खोकली. ते ऐकून हेडमास्तर लहान मुलासारखे हुंदके द्यायला लागले.

बेडकी वाचली. तीन दिवस दवाखान्यात होती. मेंदूला काही झालेलं नाही, असं डॉक्टरांनी दोन दोनदा तपासून सांगितलं.

मग काय विचारता! मॅनेजरसाहेबांनी ते पत्र सगळ्यांसमोर फाडलं, दुसऱ्याच दिवशी खिडक्यांना पडदे आले, जाळी बदलली. याला हार घातला, पेपरात फोटो छापून आला. फोटोत तो भूत बघितल्यासारखा दिसत होता. "बुजरा आहे हो फार," बायकोने पार्लरमध्ये सगळ्यांना सांगितलं आणि फोटो आरशाच्या कडेला लावला. "बघा, मी म्हणत नव्हते? शेवटी सगळं चांगलंच होतं."

तो जेवेना. चार दिवस त्याने दम धरला आणि पाचव्या दिवशी सकाळी, पार्लर उघडायच्या आधी, तिला सांगितलं.

"मला आकडा कमी आल्याचं आधीच कळलं होतं. मी चाळीस मोजले."

ती आरसा पुसत होती. हात थांबला नाही, पण एकाच जागी फिरत राहिला.

"सगळे?" तिने विचारलं.

"सगळे. सावकाश. तू सांगितलं होतंस तसे."

ती काहीतरी म्हणेल म्हणून तो वाट बघत उभा राहिला. या बाईकडे प्रत्येक गोष्टीला चांगली बाजू असायची. तो उभ्या जन्मात पहिल्यांदा तिच्या तोंडून 'अहो, काय व्हायचंय' ऐकायला आसुसला होता. तिने तोंड उघडलं. "पण... वाचली ना," ती म्हणाली. तिचं तिलाच ते खरं वाटलं नाही. त्या दिवशी तिच्या हातून एका बाईच्या कानाला कात्री लागली आणि ती 'एवढंसंच आहे हो' म्हणू शकली नाही, तिने पार्लर बंद केलं. संध्याकाळी लेकीला यायला दहा मिनिटं उशीर झाला तर दारात उभी राहून वाट बघणारी तीच होती. ठिणग्या उडवणारा ड्रायर तिने बाहेर टाकून दिला. आता घरात दोन माणसं गॅसचं बटण बघायला लागली, आणि सांगतो, त्यात सुख नव्हतं. पूर्वी तो घाबरायचा तेव्हा घरात निदान एक तरी जागा होती, जिथे भीती शिरत नसे.

तिने त्याला एवढंच सांगितलं, "कुणाला सांगू नका. कुणाला कळणार नाही. त्या पोरीलासुद्धा नाही."

तो खुर्चीवर परत गेला, पण बसायचा नाही. उभा राहायचा. दर दोन मिनिटांनी डोकी मोजायचा. आणि त्याला एका नव्याच गोष्टीची भीती वाटायला लागली होती, जी त्याच्या बावीस वर्षांच्या यादीत कधी नव्हती. बुडणारा, घसरणारा, गोळा येणारा, सगळ्यांची त्याने कल्पना केली होती. आपण बघत असू आणि आपण उठणार नाही, ही कल्पना त्याने कधी केलीच नव्हती. फाटकाशी निळं काही दिसलं की तो पाठ फिरवायचा. ती आली तर तिच्याकडे बघायचं कसं? आपण वेळेवर उठलो नाही, हे तिला कुठून तरी कळलं तर?

सव्वा महिन्याने बेडकी आली. आईचं बोट धरून. उजव्या हाताच्या बोटावर अजून वण होता. आईने आज कामावरून रजा घेतली होती. ती सरळ त्याच्यापुढे येऊन उभी राहिली.

"दादा, तुमचे उपकार मी कसे... सगळे सांगतात, तुम्ही एका क्षणाचाही उशीर केला नाहीत."

त्याने मान खाली घातली. सांगावं, आत्ता सांगावं, असं त्याच्या मनात आलं. तिने डोळे पुसले आणि मुलीचा पास पुन्हा सुरू करायला ती मावशींच्या टेबलाकडे गेली. पोरगी तिथेच राहिली. ती पाण्याकडे बघत होती. मग तिने मान वर केली.

"काका, तुम्ही मला दिसत होतात."

"कधी?"

"खाली होते तेव्हा. खालून दिसतं सगळं, नुसतं हलतं. तुम्ही खुर्चीवर बसला होतात. मला वाटलं, आता उठतील." तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. "का नाही उठलात?"

तो बावीस वर्षं ज्या भीतीला भ्यायला होता ती या प्रश्नापुढे काहीच नव्हती. खोटं बोलायला हजार वाटा होत्या. ऊन होतं. दिसलं नाही. गर्दी होती.

"मला कळलं होतं एकजण कमी आहे म्हणून. पण मला वाटलं, काही झालं नसेल. म्हणून मी आकडे मोजले. चाळीसपर्यंत. मग उठलो."

"चाळीस?" बेडकीने जरा विचार केला. "मी पण मोजत होते. तुम्ही येईपर्यंत. मला तेवीसपर्यंत आठवतंय."

तो तिथेच ओल्या फरशीवर खाली बसला. आता त्याचं डोकं तिच्या डोक्याच्या खाली होतं. तिने पटकन वळून मावशींच्या टेबलाकडे बघितलं, आईची पाठ होती, आणि मग ती त्याच्या कानाशी वाकली.

"आईला नका सांगू हं, काका. ती खूप घाबरते."